घरी चालते, लॅबमध्ये अडते : प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमासाठी लॅपटॉपची जुळणी कशी करावी?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात सी भाषेतून डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथन असे तीन विषय प्रात्यक्षिकांसह आहेत. लॅबमधल्या यंत्रांवर उबुंटू २२.०४ आहे आणि आमची सबमिशन तिथल्याच सर्व्हरवर आपोआप तपासली जातात. माझा लॅपटॉप विंडोज ११ चा असून त्यात ८ जीबी मेमरी आहे.

गेल्या पंधरा दिवसांत दोन असाइनमेंटचे गुण हातचे गेले. पहिल्या असाइनमेंटमध्ये प्रोग्रामसोबत तो चालवणारी एक शेल स्क्रिप्ट द्यायची होती. तीनच ओळींची असल्यामुळे ती मी घरी चालवूनही पाहिली नाही. सर्व्हरने ‘बॅड इंटरप्रिटर’ असा शेरा मारून ती परत केली. ज्या बॅशचे (स्क्रिप्टमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचे) नाव त्या शेऱ्यात होते, तो बॅश त्याच यंत्रावर माझ्या डोळ्यांसमोर व्यवस्थित चालत होता. दुसरी असाइनमेंट पायथनची होती. घरी ती निदान दहा वेळा तरी नीट चालली असेल, पण सर्व्हरवर पहिल्याच फेरीत ‘सिंटॅक्स एरर’ येऊन थांबली, आणि तीही एका साध्या प्रिंटच्या ओळीवर.

घरी नेमकी काय जुळणी करावी म्हणजे असे पुन्हा होणार नाही? ड्युअल बूट (एका यंत्रावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम), व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आत दुसरे आभासी यंत्र) आणि डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) ही तीन नावे मी ऐकून आहे, पण माझ्या लॅपटॉपला त्यातले काय झेपेल ते कळत नाही.

---

निवांत_संकलक

मी काही वर्षे प्रोग्रामिंगच्या एका लॅबची व्यवस्था पाहतो आहे. तुमच्या दोन्ही तक्रारी दर सत्रात माझ्या टेबलावर येतात, म्हणून आधी त्यांचे कारण सांगतो आणि जुळणीकडे नंतर वळतो.

विंडोजमध्ये मजकुराची प्रत्येक ओळ दोन अदृश्य खुणांनी संपते. त्यांचे क्रमांक १३ आणि १०. लिनक्समध्ये ओळ फक्त १० ने संपते. तुमच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता आहे आणि त्याच्या शेपटाला १३ क्रमांकाची खूण चिकटून आलेली आहे. लिनक्स तिला नावाचाच भाग समजतो आणि ‘बॅश’ऐवजी ‘बॅश अधिक एक अदृश्य अक्षर’ अशा नावाचा प्रोग्राम शोधत बसतो, जो अर्थातच नसतो. ‘कॅट’ या कमांडला मोठ्या लिपीतल्या ए चा पर्याय देऊन फाइल उघडली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपीची खूण आणि एम दिसेल. फाइल एकदा ‘डॉस टू युनिक्स’ या छोट्या प्रोग्राममधून काढली की काम भागते. कायमचा उपाय हवा असेल तर व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे जिथे ‘सीआरएलएफ’ लिहिलेले असते तिथे ‘एलएफ’ निवडा, आणि गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन) वापरत असाल तर ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये सर्व मजकूर फाइलींसाठी ओळीचा शेवट ‘एलएफ’च ठेवण्याची सूचना लिहा. ती सूचना प्रकल्पासोबतच प्रवास करते, त्यामुळे तुमच्या जोडीदाराच्या लॅपटॉपवरही लागू होते.

दुसऱ्या चुकीबद्दल माझा अंदाज असा आहे. ती प्रिंटची ओळ एफ-स्ट्रिंगची, म्हणजे मजकुरातच चलाची किंमत भरणाऱ्या स्ट्रिंगची, असावी. बाहेर दुहेरी अवतरणचिन्हे असतील आणि आत महिरपी कंसात डिक्शनरीची किल्लीही दुहेरी अवतरणांतच असेल. पायथन ३.१२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, असे लिहिलेले चालते. त्याआधीच्या आवृत्त्या आतले पहिले अवतरण दिसताच स्ट्रिंग संपली असे मानतात. उबुंटू २२.०४ सोबत पायथन ३.१० येतो. घरी तुम्ही संकेतस्थळावरून ताजा पायथन घेतला असणार. आतली अवतरणे एकेरी केलीत की ओळ दोन्हीकडे चालेल.

दोन्ही वेळा तुमच्या तर्कात चूक नव्हती. तपासणी जिथे होते ते यंत्र प्रमाण मानायचे असते, आणि घरची जुळणी त्या यंत्रापासून किती दूर आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते. घरी काहीही टाकण्याआधी लॅबमध्ये बसून पाच मिनिटांचे एक काम करा. जीसीसी (सी चा कंपायलर), मेक (कोडपासून प्रोग्राम बनवणारे साधन), पायथन, गिट आणि जावा असल्यास जावा, या प्रत्येकाला आवृत्ती विचारा आणि उत्तरे एका फाइलमध्ये साठवून घरी न्या. तपासणी करणारा सर्व्हर लॅबच्या यंत्रांपेक्षा वेगळा असेल तर त्याचीही माहिती मागून घ्या. ती देण्यात कोणालाच अडचण नसते, फक्त कोणी मागत नाही.

आता तुमच्या लॅपटॉपविषयी. ८ जीबी मेमरीत पूर्ण डेस्कटॉप असलेली व्हर्च्युअल मशीन चालते खरी, पण तिच्यासोबत ब्राउझर आणि एडिटर उघडले की सगळेच रखडते. ड्युअल बूट वेगाला उत्तम आहे, मात्र डिस्कचे विभाग पाडताना होणारी चूक महागात पडते आणि दर वेळी यंत्र बंद करून दुसऱ्या बाजूला जाण्याचा कंटाळा येतो. तुमच्यासाठी डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती योग्य ठरेल. तिच्यात लिनक्सचा खराखुरा कर्नल, म्हणजे गाभा, असतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात लागणारे फोर्क (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत काढणे), पाइप, सिग्नल हे सगळे तिथे मिळते. विंडोजसाठीच्या मिनजीडब्ल्यूसारख्या कंपायलरने सी चे साधे प्रोग्राम बनतील, पण विंडोजमध्ये फोर्कच नाही, त्यामुळे तो विषय तिथे पहिल्याच प्रात्यक्षिकात अडेल.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. नुसती ‘इन्स्टॉल’ची कमांड दिली तर उबुंटूची त्या वेळी ठरलेली आवृत्ती येईल, तुम्ही नावानिशी २२.०४ मागा. दुसरे, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असेल तर बसवणे अर्ध्यावर थांबेल, ती आधी चालू करा. तिसरे म्हणजे डब्ल्यूएसएल साधारणपणे यंत्राच्या निम्म्या मेमरीपर्यंत हात पसरते. तुमच्या विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये ‘डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची फाइल ठेवून तिला ३ जीबीची मर्यादा घाला. दुसऱ्या वर्षाच्या कोणत्याही असाइनमेंटला एवढी पुष्कळ होते.

---

कुतूहल

एक पुरवणी. असाइनमेंटचे फोल्डर लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. बरेच जण ते विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवतात आणि लिनक्समधून तिथे जातात. तसे केल्यास गिट आणि मेक लक्षात येण्याइतके मंद होतात आणि फाइलींच्या परवानग्याही विचित्र दिसतात.

डॉकरबद्दल, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या साहित्यासह एका डब्यात बंद करून चालवणाऱ्या साधनाबद्दल, कोणी बोलले नाही. तो का नको?

---

निवांत_संकलक

शिक्षकांनी स्वतः डॉकरची इमेज तयार करून दिली असेल तर डोळे झाकून तीच वापरावी, कारण मग घर आणि सर्व्हर यांत अंतरच उरत नाही. तशी नसेल तर तीन प्रात्यक्षिकांसाठी आणखी एक साधन शिकण्याची घाई नको. विंडोजवर डॉकर बहुधा डब्ल्यूएसएलच्याच खांद्यावर उभा असतो, त्यामुळे पहिली पायरी तीच राहते.

---

जुनी_वही

मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. लॅबचा सर्व्हर बाहेरून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीने) उघडता येत असेल तर घरच्या लॅपटॉपवर कंपायलरही नको. मी पदवीची शेवटची दोन वर्षे एका जुन्या ४ जीबीच्या यंत्रावर केवळ टर्मिनल उघडून काढली. लिहायला व्हिम, आणि जोडणी तुटली तरी काम जिवंत राहावे म्हणून टीमक्स. रात्री अर्धवट सोडलेली खिडकी सकाळी कर्सरसकट तशीच सापडते. ज्या यंत्रावर तपासणी होणार तिथेच लिहिल्यावर आवृत्त्या जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि आपला नियम तर तेच यंत्र प्रमाण मानण्याचा आहे.

फक्त किल्ली नीट बनवा. एसएसएचच्या किल्लीचे दोन भाग असतात. खासगी भाग लॅपटॉपबाहेर जाऊ देऊ नये आणि त्याला परवलीचे वाक्य लावावे. मित्राला ‘पटकन काम व्हावे’ म्हणून खासगी किल्ली मेलने पाठवणारे मी पाहिले आहेत.

---

निवांत_संकलक

आपला मार्ग शुद्ध आहे हे मान्य, पण दोन अडचणी मला रोज दिसतात. पहिली, आजचे विद्यार्थी व्हिमऐवजी व्हीएस कोडच्या रिमोट सोयीने जोडतात. ती सोय सर्व्हरवर प्रत्येकासाठी स्वतःचा एक प्रोग्राम चालू ठेवते. साठ जण सबमिशनच्या आदल्या रात्री जोडले गेले की सर्व्हरची मेमरी त्यातच संपते आणि मग आमच्याकडे ती सोय बंद करण्यावाचून पर्याय राहत नाही.

दुसरी अडचण फोर्कची. प्रत्येक फोर्क चालू प्रक्रियेची दुसरी प्रत काढतो आणि ती प्रतही पुढचे फोर्क करते. दहा फेऱ्यांच्या लूपमध्ये विचार न करता फोर्क लिहिला की २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ प्रक्रिया उभ्या राहतात. एका वर्षी कोणीतरी लूपची अटच लिहायची विसरला आणि सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरला त्या संध्याकाळी उठून बंद करावे लागले. तेव्हापासून प्रत्येक खात्यावर प्रक्रियांची मर्यादा आहे, तरीही फोर्कचा पहिला सराव घरीच करावा असे मी सांगतो. घरी तुमचेच डब्ल्यूएसएल गोठेल, तेही बंद करून पुन्हा उघडले की झाले. टर्मिनलमध्ये आधी ‘यूलिमिट’ने प्रक्रियांची संख्या दोनशेवर बांधून घेतली तर तेवढेही होणार नाही.

तेव्हा लिहिणे आणि मोडतोड घरी करावी, शेवटची चाचणी सर्व्हरवर घ्यावी.

---

अर्धविराम

माझा अनुभव वेगळ्या दिशेने आलेला आहे, पण विषय तोच आहे. माझा लॅपटॉप अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा, म्हणजे एआरएम जातीचा आहे. टर्मिनलमध्ये जीसीसी असे लिहिले की कंपायलर चालतो, परंतु आवृत्ती विचारल्यावर तो आपले नाव क्लँग, म्हणजे वेगळाच कंपायलर, असे सांगतो. हे मला तीन महिन्यांनी कळले. म्हणून मी लिनक्सची व्हर्च्युअल मशीन घेतली, तीही २२.०४ ची, आणि आता सारे काही लॅबसारखे झाले या समाधानात राहिले.

मग फाइलमधली अक्षरे मोजण्याची असाइनमेंट आली. एक ‘कॅर’ प्रकारचा (एका अक्षराचा) चल घेतला, गेटकॅरने त्यात एकेक अक्षर वाचले आणि ईओएफ, म्हणजे फाइल संपल्याची खूण, येईपर्यंत लूप फिरवला. लॅबमध्ये प्रोग्राम बिनचूक चालायचा, माझ्या घरी मात्र कधीच थांबायचा नाही. दोन रात्री मी फाइलमध्येच दोष शोधत होते. खरे कारण असे की ईओएफची किंमत उणे एक असते. लॅबच्या इंटेल जातीच्या यंत्रांवर ‘कॅर’ चिन्हासह धरला जातो, म्हणून त्यात उणे एक टिकते. एआरएमवरच्या लिनक्समध्ये मात्र तो बिनचिन्हाचा असतो, त्यामुळे उणे एकचे २५५ होतात आणि ईओएफशी तुलना कधीच जुळत नाही. गेटकॅरचे उत्तर ‘इंट’मध्ये घ्यायचे असते हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे, मी वाचलेलेही होते.

सांगायचे हे की आवृत्त्या जुळल्या तरी प्रोसेसर जुळतो असे नाही. माझ्या वेगळ्या यंत्राने माझी खरी चूक उघडी पाडली, याचे मला नंतर बरेच वाटले. लॅबच्या यंत्राने ती झाकून ठेवली होती.

---

काठावरची_नोंद

अर्धविराम यांचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि निवांत यांच्या नियमाला तो थोडा छेद देतो. प्रमाण यंत्रावर प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे असे होत नाही. सी मध्ये पुष्कळ चुका महिनोन्‌महिने मुकाट्याने बसून राहतात.

माझे उदाहरण देते. शब्दांची यादी साठवताना मी प्रत्येक शब्दासाठी मॅलॉकने (मेमरीत जागा मागणाऱ्या फंक्शनने) त्याच्या लांबीइतकीच जागा मागत होते; शब्द संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी लागणारी एक बाइट विसरले होते. शेकडो शब्दांवर प्रोग्राम चालला. ६४ बिटच्या लिनक्सवर मॅलॉक कमीत कमी २४ बाइट देतो, आणि त्यापुढे सोळासोळाच्या टप्प्यांनी जागा वाढवतो. त्यामुळे माझी हरवलेली बाइट त्या शिलकी जागेत निमूटपणे मावत होती. तपासणीच्या फाइलमध्ये बरोबर २४ अक्षरांचा एक शब्द होता. तिथे शिल्लक काहीच नव्हती. शून्य शेजारच्या तुकड्याच्या हिशेबावर जाऊन पडले आणि प्रोग्राम कोसळला, तोही तिथे नाही, बराच पुढे, जागा परत करताना.

म्हणून घरच्या जुळणीत कंपायलरचे पर्याय हे एडिटरच्या रंगसंगतीपेक्षा आधी ठरवावेत. मेकफाइलमध्ये ‘वॉल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे इशाऱ्यांचे पर्याय, डीबगरसाठी ‘जी’, आणि अभ्यासक्रमात सी ची जी आवृत्ती ठरली असेल ती स्पष्ट शब्दांत लिहा. यांशिवाय ‘सॅनिटायझर’चे (प्रोग्राम चालताना मेमरीच्या आणि तत्सम चुका पकडणाऱ्या सोयीचे) दोन पर्याय, अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड, लावून एक वेगळी चाचणीची प्रत बनवा. त्या प्रतीने माझी चूक चार अक्षरांच्या पहिल्याच शब्दावर, ओळीच्या क्रमांकासह दाखवली. प्रोग्राम जरा मंद चालतो, म्हणून सबमिशनच्या प्रतीत ते पर्याय नकोत.

इशाऱ्यांकडे ‘चालते आहे ना’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी एक बातमी : न सांगितलेले फंक्शन वापरले तर जुना जीसीसी केवळ इशारा देऊन पुढे जायचा, २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ती सरळ चूक धरली जाते. लॅब कधीतरी अद्ययावत होणारच आहे.

---

जुनी_वही

यावरून आठवले. जुन्या पुस्तकांतली उदाहरणे घेणाऱ्यांनी टर्बो सी च्या काळातली ‘कोनिओ’ हेडर फाइल आणि स्क्रीन पुसण्याची फंक्शन्स काढून टाकावीत. ती लिनक्सवर नाहीत. तिथे ‘इंट’ दोन बाइटचा होता आणि ३२७६७ नंतर उलटायचा. आता तो चार बाइटचा असतो. पुस्तकातले उत्तर आणि तुमचे उत्तर जुळले नाही तर आधी हे पाहा.

मी स्वतः एकदा घरी बनलेली चालवायची फाइलच सबमिट केली होती. घरी उबुंटू २२.०४ आणि लॅबमध्ये २०.०४. सर्व्हरने ग्लिबसीची (लिनक्सवरच्या सी च्या मूळ लायब्ररीची) २.३४ आवृत्ती सापडत नाही असे सांगून हात वर केले. नव्या यंत्रावर बनलेली फाइल जुन्यावर चालेलच असे नसते. नेहमी मूळ कोड द्यावा आणि सर्व्हरवरच कंपाइल होऊ द्यावा.

---

कुतूहल

पायथनच्या बाजूने तेवढेच सांगतो. प्रत्येक असाइनमेंटच्या फोल्डरमध्ये वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरत्या लायब्ररींची स्वतंत्र जागा) करा. ‘व्हीएन्व्ह’ पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून सोबतच येते, उबुंटूवर मात्र त्याचे पॅकेज वेगळे टाकावे लागते. ते फोल्डर उचलून लॅबमध्ये नेऊ नका, कारण त्यात तुमच्या यंत्रावरचे पूर्ण पत्ते कोरलेले असतात. लायब्ररींची यादी आवृत्तीसह ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये काढा, तिथे नवे एन्व्हायर्नमेंट बनवा आणि यादीवरून भरा.

---

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एफ-स्ट्रिंगचा अंदाज अचूक निघाला. माझ्या विंडोजवर पायथन ३.१३ होता.

गेल्या आठवड्यात मी लॅबमधल्या आवृत्त्या लिहून आणल्या आणि डब्ल्यूएसएलवर २२.०४ बसवले. व्हर्च्युअलायझेशन खरोखरच बंद होते. जुन्या असाइनमेंट नव्या जागेत आणून पुन्हा बनवल्या, तेव्हा दोन गोष्टी लगेच सापडल्या. एका हेडर फाइलच्या नावात पहिले अक्षर मोठ्या लिपीतले होते आणि कोडमध्ये मी ते लहान लिहिले होते. विंडोज असा भेद मानत नाही, लिनक्स मानतो. सबमिशनच्या आधी ही चूक घरीच पकडली गेली. दुसरीकडे वर्गमूळाच्या फंक्शनसाठी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला. गणिताच्या लायब्ररीचा पर्याय मी दिलेला होता, पण कोडच्या फाइलीच्या आधी. तो शेवटी नेल्यावर प्रोग्राम बनला.

काठावरची_नोंद यांनी सांगितलेली सॅनिटायझरची प्रत माझ्या लिंक्ड लिस्टवर चालवली. ती पूर्ण गुण मिळालेली असाइनमेंट आहे. सात ठिकाणी जागा परत केलेली नाही, आणि एका ठिकाणी परत केलेल्या नोडमधूनच पुढच्या नोडचा पत्ता वाचतो आहे.

एक शंका उरली आहे. सबमिशनच्या आधी सर्व्हरवर शेवटची चाचणी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे? मी फाइली कॉपी करून मेक चालवतो, ते पुरेसे आहे का?

---

निवांत_संकलक

पुरेसे नाही, कारण तिथे मागच्या वेळच्या बनलेल्या फाइली पडलेल्या असतात आणि मेक त्यांनाच ताज्या समजून पुढे जाऊ शकतो. सर्व्हरवर एक कोरे तात्पुरते फोल्डर करा, त्यात गिटमधून नवी प्रत ओढा किंवा तुम्ही जी झिप फाइल सबमिट करणार आहात तीच उघडा, आणि तिथे मेक चालवा. घरी असलेली पण गिटमध्ये भरायची राहिलेली एखादी हेडर फाइल याच वेळी उघडकीला येते. मग दिलेले नमुन्याचे इनपुट प्रोग्रामला द्या, उत्तर एका फाइलमध्ये घ्या आणि ‘डिफ’ने अपेक्षित उत्तराशी ताडून पाहा. डोळ्यांनी ताडू नका. ओळीच्या शेवटची जास्तीची मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, तपासणीच्या प्रोग्रामला दिसते.

परत केलेल्या नोडची ती चूक मात्र आजच दुरुस्त करा. पुढच्या असाइनमेंटमध्ये तीच लिंक्ड लिस्ट वापरायची असते.